पवनारच्या टेकाडात एक दिवस

पवनार म्हटलं की होस्टेलवाल्यांना आठवतो धाम नदीचा घाट, विनोबांचा आश्रम आणि रविवारची सायकल ट्रिप. त्याच गावाच्या टेकाडात जुनी वस्ती गाडली गेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं आणि १९६८ मध्ये त्याचा अहवाल निघाला. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण मी सिव्हिलचा, आणि खड्डा हा आमचा घरचा विषय! म्हणून अशा ट्रेंचमध्ये दिवसभर काय चालतं ते आपल्या भाषेत सांगतो.

सकाळी उन्हं चढायच्या आत काम सुरू होतं. खुंट्या ठोकून, सुतळी ताणून चौकोन आखलेले असतात. दोन चौकोनांच्या मध्ये एक पट्टी मुद्दाम न खणता ठेवतात. तिच्या उभ्या कापावर मातीचे थर दिसतात. एक पक्का बेंचमार्क धरून प्रत्येक खोली त्यावरून मोजायची, म्हणजे आपलं सर्व्हेचं प्रॅक्टिकलच! फरक एवढाच की आम्ही फूटिंगसाठी एका दमात पाच फूट उतरतो, आणि इथे दिवसभरात वीतभर उतरलं तरी पुष्कळ. कुदळ हळू चालते, मग खुरपी, मग ब्रश. घमेल्यातली माती चाळणीतून जाते. खापरं, मणी, हाडं यांच्या थरानुसार वेगळ्या पिशव्या होतात आणि प्रत्येकीत चिठ्ठी पडते. चिठ्ठी हरवली तर खापर नुसतं खापर उरतं.

खरी कसोटी थर ओळखण्याची. आपल्याकडे जुन्या गावठाणाच्या राखाडी, भुसभुशीत मातीला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताच्या मातीला ‘काळी’. काळीचे गुण आपण सॉईल मेकॅनिक्समध्ये शिकलोच आहोत. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा भेगेतून वरचा मणी खाली घसरू शकतो. त्यात कुणीतरी मधल्या काळात धान्याचं पेव खणलेलं असतं, म्हणजे वरच्या काळाचा कचरा थेट खालच्या थरात! खड्ड्याची कड वेळीच ओळखली नाही, तर पाचशे वर्षांचा घोळ होतो. आमचा क्यूब टेस्ट फसला तर दुसरा क्यूब ओततो. खणलेला थर मात्र परत भरता येत नाही. म्हणून दुपारी सगळे सावली शोधत असताना कुणीतरी ओळंबा धरून कापाचं ड्रॉइंग करत असतं. मला विचाराल तर तेच दिवसाचं सर्वांत मोलाचं काम.

याची किंमत पवनारलाच कळते. आश्रमाच्या जमिनीत खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं शिल्प मिळालं. तिथे आणखीही शिल्पं निघाली. वा. वि. मिराशींनी त्यांत रामकथेतले प्रसंग ओळखले आणि पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. हा पाचव्या शतकातला राजा, ‘सेतुबंध’ या प्राकृत काव्याचा कर्ता. पुढे १९९८ पासून रामटेकजवळ मनसरला उत्खनन झालं, आणि आता काही अभ्यासक प्रवरपूर तिथे होतं असं मानतात. वर्धेकर म्हणून माझा जीव पवनारकडे ओढतो, पण जिवाच्या ओढीला पुरावा म्हणत नाहीत. ही शिल्पं ट्रेंचमध्ये, थरासकट मिळाली असती, तर त्यांच्यासोबतची खापरं आणि नाणीही बोलली असती. आता त्यांचा काळ मुख्यतः घडणीच्या शैलीवरून ठरवावा लागतो.

आपल्यातले बरेच जण उद्या साइटवर जेसीबीपुढे उभे राहतील. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. पण त्याआधी मशीन थांबवा, वस्तू उचलू नका, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा आणि बेंचमार्कपासून खोली मोजून सही-तारखेसह साइट डायरीत लिहा.