छायाचित्रातील उजळ कांती

गतवर्षी होटगीच्या एका माउलीने वार्षिक अंकासाठी काढविलेले मुलीचे छायाचित्र आमच्यापुढे ठेविले. "गुरुजी, ही आमची पोरगी नव्हे!" छायाचित्रकाराने न विचारताच मुलीस गोरी केले होते, स्टेशनाजवळ पडून हनुवटीस झालेला व्रणही नाहीसा केला होता.

हे घडते कसे? संगणकावरील चित्र म्हणजे सूक्ष्म चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत तांबडा, हिरवा व निळा ह्यांचे ० ते २५५ पर्यंतचे आकडे असतात. तिन्ही वाढविले की कांती उजळते. शेजारच्या चौकटींची सरासरी (तुम्ही गणितात शिकता तीच) घेतली की व्रण व सुरकुत्या मावळतात. पूर्वी छायाचित्रकार काचेवर पेन्सिलीने हेच करीत. त्यास कसब तरी लागे. १९९० साली फोटोशॉप आले आणि जाहिरातदारांचे काम सोपे झाले. १९७५ साली आपल्याकडे आलेल्या 'फेअर अँड लव्हली' मलमाने २०२० साली नावातील 'फेअर' शब्द गाळला. एवढ्याने गोरेपणाची हाव कोठली सुटते?

आईने अंकासाठी जुनेच छायाचित्र दिले. मुलीने मात्र ते गोरे चित्र मागून घेतले व वहीत जपून ठेविले. तिला काय सांगावे, हे आम्हांस त्या दिवशी सुचले नाही.