सूर्यनक्षत्रे, ऋतू आणि खरिपाची पेरणी

रोहिणी नक्षत्रात मशागत पुरी करावी व मृगाच्या पावसावर पेरणी साधावी, असा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रघात आहे. या प्रघातास खगोलशास्त्राचा आधार आहे. मात्र ते शास्त्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे जाणून घेणे हिताचे ठरेल.

ऋतू होण्याचे मूळ कारण पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. हा कल सुमारे साडेतेवीस अंशांचा असतो. त्यामुळे वर्षभरात सूर्य कधी उत्तरेकडे, तर कधी दक्षिणेकडे सरकलेला दिसतो. २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र जवळजवळ समान असतात. २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा होऊन दक्षिणायन लागते, तर २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरायण सुरू होते.

नक्षत्रांची गणना निराळी आहे. आकाशातील सूर्याच्या मार्गाचे ताऱ्यांच्या आधारे २७ समान भाग कल्पिले असून प्रत्येक भागात सूर्य १३ ते १४ दिवस असतो. मृग नक्षत्रात तो ७ किंवा ८ जूनला प्रवेश करतो.

या दोन गणना कायमच्या जुळत नाहीत. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे संथपणे डोलतो व त्याचा एक फेरा सुमारे २६ हजार वर्षांत पुरा होतो. परिणामी, ऋतूंच्या मानाने नक्षत्रे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातात. मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, पण खरे उत्तरायण त्यापूर्वी तीन आठवड्यांहून अधिक काळ आधीच लागलेले असते, ते यामुळेच. दीड हजार वर्षांपूर्वी मृगही ऋतुमानाने सुमारे तीन आठवडे आधी लागत असे. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय पंचांगात म्हणूनच वर्षारंभ ऋतुचक्राशी जोडला आहे.

तथापि, सूर्याचे स्थान ऋतू ठरविते. पावसाचा दिवस ठरवीत नाही. मोसमी पाऊस सरासरीने १ जूनच्या सुमारास केरळात पोहोचतो. पण त्याचे आगमन व पुढील वाटचाल दरवर्षी बदलते. मृग लागताच एखाद्या वळवाच्या सरीवर पेरणी केली आणि पुढे पावसाने ताण दिला, तर उगवलेली रोपे कोमेजतात. मग दुबार पेरणीचा प्रसंग येऊन बियाणे, खत व मजुरी या तिन्हींचा खर्च वाया जातो.

यास्तव शेतकरी बंधूंनी नक्षत्र हे तयारीचे सूचक समजावे. मृगापूर्वी कुळवाच्या पाळ्या द्याव्यात, बियाण्याची उगवणशक्ती तपासावी व औजारे सज्ज ठेवावीत. कोरडवाहू जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, ओल खोलवर गेल्याची उकरून खात्री करावी व मगच तिफण धरावी. तयारीची वेळ पंचांगावरून ठरवावी; पेरणीची मात्र जमिनीतील ओलीवरून.