सहलीचा ऋतू कोणता?
(सातारा-सांगली भागातील रस्त्यांच्या संदर्भात एक विचार)

— द्वितीय वर्ष कला

सहलीचा विषय निघाला की वर्गात पहिला प्रश्न ‘कुठे जायचे?’ हा असतो. ‘केव्हा जायचे?’ हा प्रश्न सुटीच्या तारखा पाहून आपोआप सुटतो असे आपण धरून चालतो. वास्तविक सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तोच रस्ता एका महिन्यात स्वर्ग वाटतो, दुसऱ्या महिन्यात जिवावर बेततो आणि तिसऱ्या महिन्यात नुसता धुळीचा लोट असतो. असे का होते आणि त्यातून योग्य ऋतू कसा निवडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक रस्ता, दोन हवामाने

उदाहरणासाठी सर्वांच्या परिचयाचा गुहागर-विजापूर रस्ता घेऊ. हा रस्ता चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून सातारा जिल्ह्यात येतो. कोयनानगर, पाटण, कऱ्हाड करीत तो कडेगाव-विट्याकडे सांगली जिल्ह्यात शिरतो आणि पुढे जतवरून विजापूरला जातो. कोयनानगरच्या परिसरात वर्षाला सुमारे ५००० मि.मी. पाऊस पडतो. कऱ्हाडला तो सातशेच्या आसपास येतो आणि जतकडे जेमतेम पाचशेवर. म्हणजे दोनशे कि.मी.च्या आत पाऊस एकदशांशावर उतरतो.

याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचलेले आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार घाटमाथ्यावर मोकळा करतात. पलीकडे उतरताना ते कोरडे झालेले असतात. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत आले. शिवाय पावसाचे महिनेही सारखे नाहीत. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो, तर पूर्वभागातील शेतकऱ्याची आशा भाद्रपदातील आणि परतीच्या पावसावर असते. तेव्हा एकाच रस्त्यावर ‘पावसाळा’ या शब्दाचे दोन अर्थ होतात.

पावसाळा : सौंदर्य आणि त्याची किंमत

जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम भाग सर्वांत देखणा असतो, हे कोणी नाकारणार नाही. पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या पठारावरून खाली पडू पाहणारे पाणी वाऱ्याच्या झोताने उलटे वर उडते. साताऱ्याजवळचा ठोसेघरचा धबधबाही याच दिवसांत भरात असतो. परंतु जो पाऊस हे सौंदर्य निर्माण करतो, तोच रस्ता तोडतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मि.मी. पाऊस झाला, जतला वर्षात मिळतो त्याहून जास्त पाऊस एका दिवसात! त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावरील आंबेनळी घाट ठिकठिकाणी खचला.

डोंगरातले हे पाणी कोयना, कृष्णा, वारणा या नद्यांतून पुढे सांगलीला येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. धबधब्यापुढे उभे राहून आपण छायाचित्रे काढतो, त्या वेळी वरच्या एखाद्या वाडीत दरडीच्या भीतीने लोक रात्र जागून काढत असतात आणि खाली सांगलीत कोणी माळ्यावर धान्याची पोती चढवीत असतो. पाऊस पाहायला जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

फुलांचे दिवस

मुख्य रस्ता सोडून कऱ्हाडहून उत्तरेला साताऱ्यास गेले, की तेथून सुमारे २५ कि.मी.वर कासचे पठार आहे. उंची सुमारे १२०० मीटर. जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर असल्याने मोठी झाडे तेथे वाढत नाहीत. मात्र ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत गेंद, सोनकी, तेरडा, कवला, सीतेची आसवे अशी फुले पाळीपाळीने फुलतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा बहरते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये कासचा जागतिक वारशात समावेश झाला, आणि तेव्हापासून गर्दी हीच त्याची मोठी चिंता झाली आहे. मातीचा थर बोटभर असेल तेथे एका पावलाचा ठसाही पुढच्या वर्षीचे बी मारू शकतो. रविवार टाळावा, प्रवेशाची मर्यादा पाळावी आणि पायवाट सोडू नये, हे म्हणूनच सांगावे लागते.

हिवाळा आणि उन्हाळा

कार्तिकानंतर आकाश स्वच्छ होते, हवा सुखद होते. पण याच सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. कृष्णाकाठच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. पुष्कळ गाड्यांना मागे दिवा नसतो. म्हणून या दिवसांत रात्रीचा प्रवास टाळणे हेच शहाणपण. बीडप्रमाणे आपल्या जत तालुक्यातूनही ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पडतात. लहान मुले, भांडीकुंडी आणि शेळी गाडीत घालून ती याच रस्त्याने येतात. आपल्याला जो सहलीचा हंगाम, तोच त्यांना घर सोडण्याचा हंगाम असतो.

फेब्रुवारी-मार्च हा मात्र खास पूर्वभागाचा काळ होय. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षे उतरत असतात, शेडमध्ये बेदाणा वाळत असतो, सांगलीच्या बाजारात नवी हळद येते आणि माळावर पळस फुललेला असतो. ज्याला ‘दुष्काळी भाग’ म्हणून आपण सहलीच्या यादीतून वगळतो, त्या भागातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे; फक्त त्याची वेळ निराळी आहे. एप्रिल-मेमध्ये लोक महाबळेश्वर-पाचगणीला धावतात. तेथे थंडावा मिळतो, पण पसरणी घाटात गाड्यांची रांगही मिळते.

जुन्या लोकांचे पंचांग

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ‘सहल’ हा शब्दच नवा आहे. आपले आजोबा-आजी गेले ते यात्रेला, जत्रेला, नाहीतर लेकीच्या गावाला. पण प्रवास केव्हा करावा याचे ज्ञान त्यांच्याकडे नव्हते असे नाही. चातुर्मासात शक्यतो गाव सोडू नये हा संकेत जुना आहे. बौद्ध भिक्षूही पावसाळ्यात भ्रमंती थांबवून एका जागी वर्षावास करीत. कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरातील लेणी पाहताना याची आठवण होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघण्याची प्रथा याच विचारातून आली. नद्यांचा उतार मिळेपर्यंत आणि वाटा वाळेपर्यंत थांबणे भागच होते.

याला मोठा अपवाद पंढरीच्या वारीचा. ती तर ऐन पावसाळ्यात निघते. परंतु ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची सातारा जिल्ह्यातील वाट पाहिली, तर ती लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जिल्ह्याच्या पूर्व अंगाने, कमी पावसाच्या प्रदेशातून जाते. तेव्हा हा अपवादही मूळ नियमाला धरूनच आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ऋतू हा पंचांगाइतकाच वाटेवर अवलंबून असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, संपूर्ण जिल्ह्याला लागू पडेल असा एकच उत्तम ऋतू सांगता येत नाही. केवळ फुलांसाठी सप्टेंबर, पूर्वभागासाठी फेब्रुवारी-मार्च, आणि पावसासाठी जायचेच असेल तर हवामान खात्याचा इशारा पाहून, घाटात मुक्काम न करता, दिवसाउजेडी जाऊन परतणे योग्य. पण घाटापासून जतपर्यंतचा सारा रस्ता एकाच फेरीत पाहायचा असेल, तर दसरा ते दिवाळी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा घाटातील दरडींचा धोका बराच ओसरलेला असतो, कोयनेचा जलाशय बहुधा भरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, पूर्वेकडे शाळूची पेर झालेली किंवा चाललेली असते आणि उसाच्या गाड्यांची खरी वर्दळ सुरू व्हायची असते. परतीचा पाऊस एखादे वेळी गाठेल, तर त्याने कुरकुरू नये. आपला एक दिवस भिजेल. पण ज्याची शाळूची पेर झाली आहे त्याचे वर्ष त्या पावसाने तरून जाईल.