संहिता कुठे असते? : क्लाउडवर खेळलेल्या एका कथेचे वाचन

चार वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय सुचवला होता : 'द विचर ३ : वाइल्ड हंट' या व्हिडिओ गेममधील निवेदन. बैठकीत तो पाच मिनिटांत फेटाळला गेला. "याची संहिता कुठे आहे?" असे एका सदस्याने विचारले आणि पुढे कोणी काही बोलले नाही. नामंजुरीच्या टिपणावर सही करणाऱ्यांत मीही होतो. तिने मग ग्रामीण कादंबरीवर लिहिले, चांगले गुण मिळवले आणि इंदूर सोडून नोकरीसाठी पुण्याला गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. तो गेम मी पाहिलेलाही नव्हता. पुस्तक न वाचता त्यावर मत देणाऱ्यांना मी वर्गात काय म्हणतो, ते माझ्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात मी तो खेळायला घेतला. माझा लॅपटॉप प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरताच आहे. असा गेम चालवायचा तर महागडे ग्राफिक्स कार्ड लागते. भाच्याने क्लाउड स्ट्रीमिंगचा मार्ग दाखवला. यात गेम आपल्या यंत्रावर नसतोच. तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या संगणकावर चालतो, तिथे तयार होणारे प्रत्येक चित्र आकुंचित करून व्हिडिओसारखे आपल्याकडे पाठवले जाते, आणि आपण दाबलेले बटण उलट दिशेने तिकडे जाते. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १७ मिलिसेकंद. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद, परतीचे तेवढेच. हे फार नाही. खरा वेळ जातो तो चित्र आकुंचित करण्यात, उलगडण्यात आणि घरच्या वाय-फायमध्ये. पहिल्या आठवड्यात माझी तलवार राक्षस चावून गेल्यावर चालत असे. वाय-फाय सोडून केबल जोडली, तेव्हा कुठे जमू लागले. १५ मेगाबिट वेगाने तासाला पावणेसात गीगाबाइट डेटा खर्च होतो, हे घरातल्या इतरांनी मला दोनदा ऐकवले.

गेमची वंशावळ साहित्यातलीच आहे. पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांची 'विचर'ची पहिली कथा १९८६ साली 'फान्तास्तिका' मासिकात आली. पुढे कथासंग्रह आणि कादंबऱ्या झाल्या. वॉर्सातील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने १९ मे २०१५ रोजी आणलेला हा तिसरा गेम कादंबऱ्यांनंतरच्या काळात घडतो. तो कादंबरीचे रूपांतर नाही. गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षस मारणारा माणूस. मुलीसारख्या वाढवलेल्या सिरीला तो शोधतो आहे. संपूर्ण गेमचा परामर्श येथे घेत नाही. वेलेन नावाच्या दलदलीच्या प्रदेशातले एकच प्रकरण घेतो, कारण 'संहिता कुठे' या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडू लागले.

तिथल्या गढीवर एक सरदार आहे. लोक त्याला 'रक्तपिपासू बॅरन' म्हणतात. त्याची पत्नी ॲना आणि मुलगी टमारा नाहीशा झाल्या आहेत. त्यांना शोधून दे, मग सिरीबद्दल सांगतो, असा त्याचा सौदा. हळूहळू कळते की हा दारुडा बायकोला मारत असे, आणि अशाच एका रात्री तिचा गर्भ गेला. तो गर्भ नाव न देता, विधी न करता पुरला, म्हणून त्याचे पिशाच झाले. गेराल्ट त्याला मारू शकतो. किंवा बॅरनला सांगू शकतो : त्याला हातात घे, घरापर्यंत चाल, नाव दे आणि उंबरठ्याखाली पूर. मी दुसरी वाट घेतली. तो आडदांड माणूस ते विद्रूप पोर छातीशी धरून अंधारातून चालतो, आणि आपण त्याच्या आजूबाजूने भुते हाकलत राहतो. आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते असे मानत. अपुऱ्या राहिलेल्या जन्माची भीती तीच आहे. पण आपल्या गोष्टींत अळवंतिणीचा बंदोबस्त मांत्रिक करतो. इथे ज्याच्या हातून मरण घडले त्यालाच ते उचलावे लागते. एवढ्या एका प्रसंगावर लघुप्रबंधाचे एक प्रकरण सहज झाले असते.

त्या रात्री इंदुरात पाऊस होता आणि जोडणी डळमळत होती. आकुंचित व्हिडिओत सर्वांत आधी बिघडतो तो अंधार. काळ्या-करड्या छटांचे चौकोन होतात. बॅरनच्या हातात काय आहे ते मला धड दिसतच नव्हते. वाळवी लागलेली पोथी वाचताना गेलेली अक्षरे आपण मनाने भरतो, तसे मी ते भरले. नंतर चांगल्या जोडणीवर तोच प्रसंग पुन्हा पाहिला तेव्हा जरा निराशच झालो.

पुढे ॲनाचा ठावठिकाणा लागतो : दलदलीत तीन चेटकिणींच्या ताब्यात, काही अनाथ मुलांना सांभाळत. चेटकिणी गेराल्टला एका टेकडीवरच्या झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याचा काटा काढायला पाठवतात. आत्मा म्हणतो, मला सोडव, मी मुलांना वाचवीन. मी सोडवले. मुले वाचली. पण एक गाव उद्ध्वस्त झाले, चेटकिणींच्या शापाने ॲनाची जलराक्षसी झाली, आणि शाप उतरताच ती मेली. पुन्हा गढीवर गेलो तर बॅरनने झाडाला गळफास घेतला होता. माझ्या निर्णयाला तोवर तीन संध्याकाळी उलटून गेल्या होत्या. कंट्रोलर बाजूला ठेवून मी बराच वेळ बसून होतो. मग जे कादंबरीत करता येत नाही ते केले : जुन्या नोंदीवरून मागे गेलो आणि आत्म्याला मारले. ॲना जगली, पण भ्रमिष्ट झाली. बॅरन तिला उपचारांसाठी दूर डोंगरांकडे घेऊन निघाला. मुले मात्र चेटकिणींच्या तोंडी गेली.

खेळणारा हा सहलेखक असतो, असे अलीकडे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. दोन्ही शेवट वॉर्सात आधीच लिहून झालेले होते. मी एक अक्षरही घातले नाही. कीर्तनाशी ताडून पाहिले तर फरक स्पष्ट होतो. आख्यानाचा शेवट श्रोत्यांना ठाऊक असतो आणि बुवांचे स्वातंत्र्य सांगण्यात असते. इथे सांगणे पक्के आहे, शेवट ठाऊक नाही आणि बोट माझे आहे. माझ्याकडे येते ती लेखनाची नव्हे, कृत्याची जबाबदारी. 'बॅरनने गळफास घेतला' हे वाक्य मला 'मी आत्म्याला सोडवले' या वाक्यावाचून सांगता येत नाही. निवेदनाचा अभ्यास करायचा तो या जोडवाक्याचा.

बैठकीतला प्रश्न आता नीट मांडता येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठभेद हे नकलाकारांच्या हातून पडलेले होते आणि त्यामागे एक मूळ पाठ गृहीत होता. इथले भेद कर्त्यानेच घातलेले आहेत. कोणताही अपपाठ नाही. शिवाय क्लाउडवर प्रत आपल्या हाती कधीच येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये या गेमची मोठी सुधारित आवृत्ती आली. मी खेळलो ती नवी. २०१५ ची मला तिथे मागता आली नाही. आणि सेवाच बंद पडली तर? गूगलची स्टेडिया ही अशीच सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. गूगलने पैसे परत केले. वाचनाची परतफेड कशी करणार?

म्हणून अभ्यास अशक्य ठरतो का? मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण शिकवतो ते लीळाचरित्र, त्याची मूळ प्रत खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा सिद्ध केले, असे महानुभाव परंपरा सांगते. आपण त्याचे पाठ ताडून पाहतो, संहिता नाही म्हणून अभ्यासक्रमातून काढत नाही. गेमच्या अभ्यासकाने खेळतानाच नोंदवही ठेवावी : कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला, कुठे काय निवडले, कुठे जोडणी तुटली. ही वही परिशिष्टात जोडली की परीक्षकाला पडताळण्याजोगा एक पाठ मिळतो. वही मराठीत असावी. गेममध्ये मराठी नाही. मराठी अवतरते ती सांगणाऱ्याच्या तोंडून. ज्यांचे शिक्षण हिंदी-इंग्रजीत झाले आणि मराठी घरापुरती उरली, अशा आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना एवढा दीर्घ प्रसंग मराठीत सांगायला लावणे हे किती कठीण आणि किती मोलाचे काम आहे, ते या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हा लेख लिहिण्यापूर्वी त्या विद्यार्थिनीला फोन केला. झाले ते चुकले, असे सांगितले. ती संकोचली, "असू द्या सर" म्हणाली. मग तिनेच विचारले, "तुम्ही झाडाखालच्या आत्म्याचं काय केलंत?" सांगितले. बॅरनबद्दल ऐकून ती गप्प झाली. तिने आत्म्याला मारले होते. तिचा बॅरन ॲनाला घेऊन निघून गेला होता. त्याच्या गळफासाचे तिने फक्त ऐकले होते.

"पुन्हा मागे जाऊन दुसरी वाट पाहिली नाहीस?" मी विचारले.

"नाही सर. मुलं माझ्यामुळे गेली होती ना. परत जाऊन ते पुसायचं कसं?"

मी दोन्ही वाटा पाहिल्या होत्या. नोंदवहीत दुसऱ्या वाचनाला परवानगी असावी की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. विभागाकडे पाठवायच्या टिपणात तेवढी एक ओळ कोरी आहे.