घरी राहून समुपदेशनाचा अभ्यास

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८, ईयोब २:११-१३, नीतिसूत्रे १८:१३.



खेड्यातील उपदेशकाच्या दारी लोक केवळ प्रार्थनेसाठी येत नाहीत. कर्जाने गांजलेला शेतकरी, नवऱ्याच्या दारूने त्रासलेली स्त्री, परीक्षेत नापास झालेला मुलगा, असे कितीएक जण मन मोकळे करावयास येतात. त्यांचे कसे ऐकावे, केव्हा बोलावे आणि केव्हा उगे राहावे, हे शिकविणाऱ्या विद्येस समुपदेशन म्हणतात. ही विद्या आता मोबाइलवरील ऑनलाइन वर्गांतून, आपल्या सवडीप्रमाणे शिकता येते. त्या सोयीचा उपयोग कसा करावा, हा आजच्या पाठाचा विषय होय.

१. शास्त्रातील उदाहरणे. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्यास दोष दिला नाही की बोध केला नाही. त्याने त्यास दोनदा उठवून खाऊपिऊ घातले, मध्यंतरी निजू दिले. होरेबाच्या डोंगरावर देवाने त्याचे गाऱ्हाणे दोनदा ऐकून घेतले; मग त्यास काम नेमून दिले, आणि अलीशाच्या रूपाने सोबतीही दिला. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर त्यांची सोबत खरी होती. तोंड उघडताच ते त्यास भार झाले.

२. ही रीत नवी नव्हे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात खेड्यांतील मंडळ्यांच्या पुढाऱ्यांस शेत व घरदार सोडून सेमिनरीत राहणे जमत नसे. म्हणून १९६३ साली तेथील प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या शिक्षकांनी शाळाच त्यांच्याकडे नेली. विद्यार्थी आठवडाभर घरी पाठ वाची, ठरलेल्या दिवशी शिक्षकास भेटे, आणि शिकलेले आपल्या मंडळीत आचरी. भारतात १९७१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या टॅफ्टी ह्या संस्थेने हीच रीत स्वीकारली. पाठ, गुरुभेट आणि सेवा अशा ह्या तीन पायांपैकी मोबाइलने पहिला सुलभ होतो. उरलेले दोन आपण राखावयाचे असतात.

३. अभ्यासक्रमाची पारख. १९२५ साली अमेरिकेतील वुस्टर येथील मनोरुग्णालयात अँटन बॉइसन ह्या पाळकांनी धर्मशास्त्राचे विद्यार्थी रुग्णांमध्ये ठेवून शिकविण्यास आरंभ केला. स्वतः मनोविकार भोगलेल्या ह्या गृहस्थांचे म्हणणे असे की, दुःखी मनुष्यही ग्रंथासारखाच लक्षपूर्वक वाचला पाहिजे. म्हणून नाव घालण्यापूर्वी विचारावे : माझे संभाषण ऐकून चुका दाखविणारा मार्गदर्शक मिळेल काय? शिकवणी मला समजेल अशा भाषेत आहे काय? केवळ प्रमाणपत्रावर भुलू नये. गुरुभेट नसल्यास तिघाचौघा उपदेशकांनी बाजाराच्या दिवशी पाळकांकडे जमावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, इतरांनी पारखावे.

४. मर्यादा. कोणाची हकीकत वर्गात सांगताना नाव, गाव व ओळखीच्या खुणा गाळाव्या. स्त्रीशी बोलताना बायबल स्त्री किंवा आपली पत्नी दृष्टीच्या टप्प्यात असावी. परंतु बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते गुप्त ठेवू नये; २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. कोणी जीव देण्याची भाषा करील तर त्यास एकटे सोडू नये, फवारणीचे औषध त्याच्यापासून दूर ठेवावे, आणि त्यास डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. प्रार्थना अवश्य करावी. पण डॉक्टरांचे औषध बंद करण्यास कोणासही सांगू नये. एलीयासही भाकर आधी मिळाली, आज्ञा मागाहून.

विचारासाठी प्रश्न :

१. देवदूताने एलीयास प्रथम काय दिले, व का?

२. ईयोबाच्या मित्रांचे कोठे चुकले?

३. गेल्या महिन्यात आपणाकडे आलेल्या एका दुःखितास आठवा. आपण किती ऐकले आणि किती बोललो?