परीकथेविना देवदूत

प्रस्तावना
मुंबई असो वा बेंगळुरू, महानगरातील चौकात गाडी थांबली की फुगे विकणारी, काच पुसणारी मुले आपल्याला दिसतात. दिवा हिरवा होतो आणि आपण त्यांना विसरतो. अशा मुलांचा विसर पडू नये म्हणून एका चित्रकाराने केलेल्या चित्रमालिकेचा परिचय या पाठात करून घेऊ या.

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• लिनोकट या कलाप्रकाराची माहिती सांगू शकाल;
• चित्रमालिकेच्या शीर्षकातील विसंगती स्पष्ट करू शकाल;
• दया आणि आदर यांतील फरक उदाहरणाने मांडू शकाल.

मूळ पाठ
चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचा जन्म १९१५ साली बंगालमधील नैहाटी येथे झाला. चित्रकला ते बहुतांशी स्वतःच शिकले. १९४३ च्या भीषण दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि उपासमारीने खंगलेली माणसे, निराधार झालेली मुले त्यांनी काळ्या शाईने रेखाटली. ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने ही रेखाटने प्रसिद्ध होताच इंग्रज सरकारने पुस्तकाच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्राची भीती सत्तेला का वाटावी? चित्र साक्ष देते, म्हणून.

१९४६ मध्ये ते मुंबईस आले व अंधेरीत राहू लागले. दुष्काळ सरला होता. मुलांचे हाल मात्र सरले नव्हते. १९५१-५२ च्या सुमारास त्यांनी कष्टकरी व निराधार मुलांवर लिनोकटांची मालिका केली. ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’, म्हणजेच ‘परीकथेविना देवदूत’, हे तिचे नाव. १९६९ मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने ती प्रकाशित केली.

लिनोकटासाठी लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर चित्र उलटे काढून धारदार हत्याराने कोरतात. कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो; न कोरलेल्या भागावरची शाई उमटते. एका ठशावरून अनेक प्रती निघतात. त्यामुळे असे चित्र एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात अडकून न पडता पुष्कळांच्या हाती जाऊ शकते. शिवाय काळ्या-पांढऱ्याखेरीज रंग नसल्यामुळे डोळ्यांना रमायला जागा उरत नाही. दुःख सजवले जात नाही.

मुलांना आपण देवाघरची फुले म्हणतो आणि त्यांच्यापैकीच कोणाच्या हाती बूट पुसण्याचा ब्रश देतो. ही विसंगती शीर्षकात सामावली आहे. अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबरच गोष्ट ऐकण्याचा निवांतपणा हाही बालपणाचा हक्क आहे, असे हे शीर्षक सुचवते.

ही चित्रे केवळ इतिहासजमा झालेली नाहीत. बेंगळुरूजवळच्या रामनगर परिसरात, रेशमाच्या कोशांतून धागा सोडवण्यासाठी मुलांना कढत पाण्यात हात घालावे लागत असल्याचे २००३ च्या एका मानवी हक्क अहवालाने उघडकीस आणले. बालमजुरीविरोधी कायदा तर १९८६ मध्येच झाला होता. २०१६ च्या दुरुस्तीने काही अपवाद वगळता चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण मनाई झाली. कायदा मुलाचे वय पाहतो. त्याचा चेहरा पाहण्याचे काम समाजाचे आहे.

चित्तप्रसाद केवळ दुःख कोरून थांबले नाहीत. मुंबईत त्यांनी ‘खेलाघर’ नावाचे बाहुलीनाट्य उभे केले आणि आसपासच्या वस्तीतील मुलांना कळसूत्री बाहुल्यांचे खेळ दाखवले. ज्यांना परीकथा मिळाली नाही, त्यांच्या दारी त्यांनी ती स्वतः नेली. मुलांकडे केवळ दयेने पाहणारा मनुष्य नाणे टाकून पुढे जातो. आदराने पाहणारा त्यांच्याजवळ थांबतो. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. कठोर ठसे कोरणारा आणि बाहुल्या नाचवणारा हात एकच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या कलेतील करुणेचा खरा अर्थ उमगतो.

शब्दार्थ
विसंगती – मेळ नसणे. साक्ष – पुरावा. निराधार – आधार नसलेला. धनिक – श्रीमंत मनुष्य. कळसूत्री – दोऱ्यांनी हलवली जाणारी.

पाठगत प्रश्न
१. ‘हंग्री बेंगॉल’च्या प्रती सरकारने का नष्ट केल्या असाव्यात?
२. लिनोकटात कागदावर पांढरा भाग कसा राहतो?

स्वाध्याय
१. ‘कायदा मुलाचे वय पाहतो, त्याचा चेहरा पाहण्याचे काम समाजाचे आहे.’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
२. तुमच्या परिसरातील काम करणाऱ्या एखाद्या मुलाशी बोला. त्याला कोणती गोष्ट ऐकायला आवडेल, ते दहा ओळींत लिहा.