आजोबा गप्प का झाले? – उतारवयातील नैराश्य आणि उपचार

शाळेत आजी-आजोबा दिवस झाला की एखाद्याचे आजोबा आलेले नसतात. नातू सांगतो, "ते कुठंच जात नाहीत आता, झोपून असतात." घरचे म्हणतात, वय झालं. इथंच चुकतं. नैराश्य म्हणजे म्हातारपण नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

पेण-रोह्याकडे अनेक घरांत मुलं मुंबई-पनवेलला आणि मागे दोघंच, कधी एकटंच. गणपतीत घर भरतं, विसर्जनानंतर रिकामं. एकटं राहणारा प्रत्येकजण आजारी नसतो, हेही खरं. पण जोडीदार गेला, ऐकू कमी आलं, गुडघे धरले, की मन खचायला वेळ लागत नाही.

म्हातारं माणूस "मी उदास आहे" असं क्वचितच म्हणतं. अंग दुखतं, जेवण जात नाही, पहाटे तीनलाच जाग येते, अशा तक्रारी असतात. विसरायलाही होतं, मग घरच्यांना स्मृतिभ्रंश वाटतो. म्हणून डॉक्टर आधी थायरॉइड, बी-१२ आणि चालू गोळ्या पाहतात.

औषध कमी मात्रेत सुरू होतं. गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि खरी मेख इथंच आहे. पंधरा दिवसांत "काही फरक नाही, उगाच सवय लागेल" म्हणून गोळ्या बंद होतात! या झोपेच्या गोळ्या नव्हेत, यांचं व्यसन लागत नाही. मात्र मनानं एकदम थांबवू नयेत. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात. सुरुवातीला तोल गेला किंवा गोंधळल्यासारखं झालं तर डॉक्टरांना लगेच सांगा, कधीकधी रक्तातलं सोडियम उतरतं.

गोळीसोबत समुपदेशन आणि रोजचं एखादं कामही हवं. पेणच्या गणपती कारखान्यात हात झिजवलेल्या आजोबांना नातवासाठी शाडूचा गोळा मळायला सांगा. "जरा फिरून या" या उपदेशापेक्षा ते बरं.

जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, तिथं मानसोपचाराची चौकशी करा. जाणं जमत नसेल तर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस हेल्पलाइन आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

"आता देवानं न्यावं" हे आपल्याकडे सहज म्हटलं जातं. तरी एकदा जवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या आणि शेतीचं औषध आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.